ओल्या मेंढ्यांचं मतदान

नरांडेरा
१२ मार्च २००१

डेस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे चुलीत टाकलं नसशील, तर आधी सांगून टाकते: कुणी गेलेलं नाही. बाबा आहेत, मी आहे, आवारातलं लिंबाचं झाडसुद्धा आहे. आपल्या घरून पत्र म्हणजे वाईट बातमी, असं तुला वाटलं तर त्यात तुझी चूक नाही. मागचं पत्र मी आईच्या वेळी पाठवलं होतं.

तेव्हा तू आला होतास. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, रस्त्यापलीकडे, गाडीला टेकून उभा. मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही, पण शवपेटी खाली सोडताना त्यांना घाई नव्हती. एवढ्या लांबून गाडी चालवत येऊन तू कुंपण ओलांडलं नाहीस, आणि त्यांनी ये म्हटलं नाही. दोघंही एकाच मातीचे. मला दोघांचाही राग आला होता, अजून आहे.

आता कामाचं बोलते. माझं तुझ्यावाचून अडलंय.

मी कॉलेजात कामगार कायदा शिकवते, हे तुला आईने कळवलं असेलच. (ती तुला लिहायची, मला माहीत आहे. पोस्टातली बाई माझ्या वर्गातली.) आमचे विभागप्रमुख डॉ. पेनरोझ सज्जन माणूस आहेत, पण त्यांच्या मते कायदा म्हणजे खटल्यांची नावं. वर्ष, पक्षकार, निकाल. मुलांनी घोकायचं आणि परीक्षेत ओकायचं. गेल्या वर्षी माझ्या मुलांना कमी गुण पडले, तेव्हापासून त्यांनी माझ्यावर डोळा ठेवलाय. यंदाही तसंच झालं तर हा विषय दुसऱ्या कुणाकडे जाईल.

तर गेल्या मंगळवारी रुंद फणीचा निकाल शिकवायचा होता. पुस्तकात त्याला एक परिच्छेद आहे, डेस. एक. लवादाने लोकर कातरणाऱ्यांना यंत्रावर रुंद, जास्त दात्यांची फणी लावायची परवानगी दिली, युनियनने विरोध केला, संप झाला, संप बारगळला. पुढचा खटला.

टॅमसिन बॅलंटाइनने तो परिच्छेद धडाधड म्हणून दाखवला. हो, त्याच बॅलंटाइनांची. टारागल फार्मच्या म्हाताऱ्या मालकाची नात. ज्या शेडमध्ये तू आणि बाबा शेजारी शेजारी मेंढ्या कातरायचात, ती शेड आता तिच्या वडिलांची आहे. तिला आपलं काही माहीत नाही, ती तेव्हा रांगतही नव्हती.

मग मागून एलेनी बोलली. तिच्या आईबापांचं मोठ्या रस्त्यावर कॅफे आहे, ग्रीक लोक, आणि पोरीच्या जिभेला हाड नाही. म्हणाली, "मिस, पण फणीच होती ना? चार दाते जास्त. त्यासाठी कुणी शेड पेटवतं? भाऊ भावाशी बोलायचा थांबतो?"

मी तोंड उघडलं आणि आतून बाबा बोलले. रुंद फणी आली की एक माणूस जास्त मेंढ्या कातरणार, मग माणसं कमी लागणार, मग भाव मालक ठरवणार, आज फणी, उद्या रविवारीही काम, परवा युनियनच नको. जेवणाच्या टेबलावर आपण ऐकलेलं सगळं, त्याच क्रमाने. आणि सगळा वर्ग खाली मान घालून लिहून घेत होता! न्यायाधीश पाठ करायचे तसे ते आता बाबांना पाठ करणार होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला दुसरी बाजू येतच नाही. युनियनची येते, मालकाची येते, लवादाची तर तोंडपाठ आहे. चोवीस वर्षांच्या एका पोराची येत नाही, जो तोवर बापाच्या शब्दाबाहेर गेला नव्हता.

तू ती फणी का उचललीस, डेस? मी तेव्हा शहरात होते. घरी आले तोवर तुझी खोली रिकामी होती आणि तुझं नाव घ्यायची बंदी झाली होती. मला कुणी काही सांगितलं नाही, आणि तूही नाही.

बाबांची फुप्फुसं आता थकलीत. पुढच्या हिवाळ्याबद्दल डॉक्टर बोलतच नाहीत. डाव्या हातात कप धरवत नाही, आणि फुटला की कपाला शिव्या देतात. मी हे लिहितेय ते त्यांना ठाऊक नाही. वर्गासाठी विचारतेय असं समज. वर्गासाठीही विचारतेच आहे.

लॉर्ना


नरांडेरा
९ एप्रिल २००१

डेस,

पार्सल मिळालं. मी पाकीट उलटं करून झटकलं, फणी गुंडाळलेल्या मोज्यात हात घालून पाहिलं. चिठ्ठी नाही. अरे, मी प्रश्न विचारला होता, लोखंड मागितलं नव्हतं.

पण एक सांगते, तुझ्या फणीने माझं काम केलं.

मी ती वर्गात टेबलावर ठेवली. शेजारी बाबांची जुनी, अरुंद. मागच्या खोलीतल्या त्यांच्या पेटीतून मी ती न विचारता काढली होती. म्हटलं, पुस्तकं मिटा. दोन्ही हातोहात फिरू द्या. टॅमसिनने बोट कापून घेतलं. दोन्हींत फरक अंगठ्याएवढा. एलेनीने अंगठा लावून दाखवला आणि म्हणाली, "एवढाच?" पण या खेपेला सूर थट्टेचा नव्हता.

मग मी त्यांना ओल्या मेंढ्यांचं मतदान करायला लावलं. मला वाटलं, एक गोष्ट तरी मुळापासून कळू दे. पुस्तकात नियम एका ओळीचा आहे: मेंढ्या ओल्या असतील तर कातरणाऱ्यांच्या बहुमताने काम थांबेल, कारण ओली लोकर अंगाला बाधते. मी विचारलं, गुप्त मतदान कशाला? मेंढी ओली की कोरडी, हात लावला की कळतं. प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरायच्या, मग कागदाचा कपटा टोपीत टाकायचा, आणि शेडच्या प्रतिनिधीने मोजायचं, हा सगळा खटाटोप कशासाठी?

टॅमसिन म्हणाली, "माझे बाबा म्हणतात, सोमवारी मेंढ्या जास्त ओल्या असतात. रविवारी पब उघडे असतात ना!"

सगळे हसले. मीही हसले, कारण बाबा स्वतः हे सांगायचे. मग एक मुलगा म्हणाला, की ज्याला सांधे धरलेत, अंगावर गळवं आलीत, त्याला ओली मेंढी जास्त ओली लागत असेल. आणि ज्याच्या घरी तान्हं आहे, मजुरी बुडवून चालत नाही, त्याला कोरडी. म्हणजे मेंढी एकच, पण प्रत्येकाच्या हाताला निराळी. आणि शेजारच्याच्या तोंडावर हे सांगता येत नाही, दिवसभर त्याच्याच बाजूला वाकायचं असतं.

डेस, याच वाक्यासाठी मी इतकी वर्षं शिकवतेय. आणि नेमके त्याच वेळी दारात डॉ. पेनरोझ. म्हणाले, "मिस कीओ, परीक्षेत मेंढ्या येत नाहीत." मी म्हटलं, "माणसंही येत नाहीत, सर, तीच तर अडचण आहे." उद्धटपणा झाला. त्यांनी काही लिहून घेतलं नाही, पण चेहरा पाडून गेले.

आता बाबांचं. पेटी हलवली हे त्यांना घरात पाऊल टाकताच कळलं. श्वास लागतो, पण पेटीकडे लक्ष आहेच. "दुसरी कुणाची?" म्हणाले. मी दोन्ही फण्या ताटलीसारख्या समोर धरून उभी. म्हटलं, "एका माणसाची. वर्गासाठी मागवली."

त्यांनी ती डाव्या हातात घेतली. पडली. मी उचलून दिली, पुन्हा डाव्याच हातात घेतली, पुन्हा पडली. मग मोजा घेतला. करडा, टाचेला दुहेरी वीण घातलेला. मी तो नीट पाहिलाच नव्हता. टाच अशी दुहेरी विणणारं बाईमाणूस आपण एकच ओळखतो.

ते बराच वेळ टाचेवरून अंगठा फिरवत बसले. "म्हणजे ही त्याला पाठवत होती," इतकंच बोलले. चिडले नाहीत. "त्याला" म्हणाले, डेस. नाव नाही, पण "त्याला". अठरा वर्षांत घरात तुझ्यासाठी एवढाही शब्द उच्चारला गेला नव्हता.

फणी परत पाठवू का? मोजा मिळणार नाही. तो त्यांच्या उशीखाली आहे.

लॉर्ना


नरांडेरा
३ जून २००१

डेस,

तुझं पत्र आलं. सहा ओळी लिहायला तुला पाच आठवडे लागले, पण लिहिलंस. मी ते वर्गात वाचू का, असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही, वाचलं. नाव सांगितलं नाही.

"डावा हात बधिर व्हायचा. सकाळी बूट बांधता यायचे नाहीत. शेडमधल्या न्यूझीलंडच्या हेमीने एक दिवस त्याची रुंद फणी लावून दिली, तिकडूनच आणलेली. कातरायचे फटके कमी लागतात, मनगट कमी वळतं. त्या संध्याकाळी मला चहाचा कप धरता आला. बाबांचाही हात जायचा, ते सांगत नसत. मला वाटलं होतं त्यांनाही दाखवावी."

एलेनी रडली. टॅमसिन म्हणाली, "हे निकालात कुठेच नाही." मी म्हटलं, नाही. शोधलंत तर युनियनच्या निवेदनातही सापडणार नाही. मग तिनेच सुचवलं, की आमच्याकडे पुढच्या आठवड्यात कातरणी आहे, सगळे टारागलला या.

मी बाबांना विचारणार नव्हते. तेच म्हणाले, "मी येतो." म्हटलं, बाबा, तिथे आता सगळ्यांच्या हातात रुंद फण्या आहेत. "ठाऊक आहे. मी आजारी आहे, आंधळा नाही."

तर शुक्रवारी आम्ही गेलो. प्राणवायूची नळकांडी, चाकाची खुर्ची, माझा वर्ग, आणि डॉ. पेनरोझ! होय, तेही आले, नव्या बुटांत. फळ्यांच्या उतरणीवरून खुर्ची वर चढवली आणि मी दारातून आत पाऊल टाकलं, तर बाबा त्या फाटक्या आवाजात ओरडले, "तळ्यात बदकं!" लहानपणी आपण चहाची टोपली घेऊन यायचो तेव्हा मुलगी आली म्हणून सगळी शेड हेच ओरडायची आणि शिव्या गिळायची, आठवतं? कातरणारे वळून बघायला लागले. त्यांतल्या दोघी बायकाच होत्या. त्या खो खो हसल्या. बाबा ओशाळले, आणि मग तेही हसले.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. मेंढ्या आडोशाला होत्या, तरी काही भिजल्याच. दोन दोन कातरून झाल्या आणि वाद सुरू झाला. त्यांचा प्रतिनिधी मर्व नावाचा माणूस आहे. त्याने बाबांना ओळखलं. जवळ येऊन म्हणाला, "क्लॅरी, तुम्ही मोजता का? तुमच्याइतकी मतं या शेडमध्ये कुणी मोजली नसतील."

बाबांनी स्वतःची टोपी काढून दिली. ती फिरली, प्रत्येकाने कपटा टाकला. मुलं पुढे सरकली. बाबांनी एक एक कपटा उलगडला, मांडीवर ठेवला, आणि शेवटी म्हणाले, "ओल्या." बस. किती विरुद्ध किती, ते नाही. सगळे कपटे मुठीत चुरगळून खिशात टाकले. यंत्र थांबलं.

तेव्हा एलेनीने विचारलं. मला वाटतं ती विचारणारच होती. "मिस्टर कीओ, फणीच्या संपाच्या वेळीही इथे असंच मतदान झालं होतं का? टोपीत?"

बाबांनी टोपी मांडीवर उलटी ठेवली होती. त्यांनी तिच्यात पाहिलं.

"नाही," म्हणाले. "तेव्हा मी हात वर करायला सांगितले."

"का?"

मी एलेनीला डोळ्यांनी दटावलं. बाबांनी मला हाताने थांबवलं.

"मेंढ्यांसाठी आयुष्यभर टोपी फिरवली. कारण माणसाला शेजाऱ्यासमोर खरं बोलता येत नाही, आणि खोटंही बोलवत नाही. त्या दिवशी टोपी डोक्यावरच ठेवली. म्हटलं, संपावर जायचं त्याने हात वर करा. सगळ्यांनी केले. माझ्या पोराने नाही केला." श्वास लागला, मी नळी नीट केली. "डेसने नाही केला."

नाव घेतलं, डेस. सगळ्यांसमोर, त्याच फळ्यांवर.

टॅमसिन हळूच म्हणाली, "तो एकटाच होता?"

"हात एकटाच खाली होता. टोपी फिरवली असती तर आणखी तीन-चार निघाले असते. कुणाचे हात जात होते, मला दिसत होतं. मला माहीत होतं, पोरी. म्हणून तर फिरवली नाही. संप वाचवायचा होता. मग पोलिसांच्या गाडीमागून तो न्यूझीलंडवाल्यांबरोबर कामाला गेला, तेव्हा ज्यांनी माझ्या धाकाने हात वर केले होते तेच त्याला संपफोड्या म्हणत त्याच्यावर थुंकले. आणि मी थुंकू दिलं."

डॉ. पेनरोझ आपल्या बुटांकडे बघत होते.

तू हे मला कधी का सांगितलं नाहीस? मला वाटत होतं हे फणीचं भांडण आहे. इतकी वर्षं मी फणी शिकवत होते. तू चौघांचं ओझं एकट्याने उचललंस, आणि त्यांची नावं उघडी पडू नयेत म्हणून तोंडाला कुलूप लावून इतक्या दूर जाऊन बसलास. मला अभिमान वाटला तुझा, आणि इतका राग आला की गाडीत मी बाबांशी एक शब्द बोलले नाही. घराच्या फाटकाशी तेच म्हणाले, "संपाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. त्या फण्यांनी पुढे जे झालं ते मी म्हटलं तसंच झालं. पण टोपी फिरवायला हवी होती."

सोबतच्या खोक्यात टोपी आहे. तीच, घामाच्या पट्ट्याची. मी विचारलं, काय लिहू? म्हणाले, "काही नको. टोपीचं काय करायचं ते त्याला ठाऊक आहे."

लवकर कर. बाकी काही मी लिहीत नाही.

लॉर्ना


स्वयंपाकघराचं टेबल
सोमवार, २५ जून

डेस,

हे पत्र नाही, चिठ्ठी आहे. मी कॉलेजात आहे, परीक्षा आहे, आज मला सुटका नाही. किल्ली तुला सापडली म्हणूनच तू हे वाचतोयस. जागा आपण बदलली नव्हती.

तुझा निरोप पेनरोझनी घेतला. स्वतः धावत वर्गात आले. "तुमचे बंधू निघालेत, रस्ता ओला आहे म्हणाले, उशीर होईल." वर मलाच विचारतात, "म्हणजे येतायत ना ते?" म्हटलं, सर, ओल्यातही निघालेत म्हणजे येतायत. टारागलहून आल्यापासून पेनरोझ मला टोकत नाहीत. आजच्या प्रश्नपत्रिकेत शेवटचा प्रश्न त्यांनी माझा ठेवलाय: मत गुप्त का असावं, कोणत्याही निकालाचं नाव न घेता लिहा. पुढच्या वर्षाचं पुढे बघू. खटल्यांची नावं माझ्या मुलांना येतात, एलेनीने सगळ्यांकडून घोकून घेतलीत. पण आता ती कुणाची नावं आहेत, हेही त्यांना ठाऊक आहे.

बाबांना परवापासून बोलता येत नाही. ऐकू येतं, सगळं. तेव्हा त्यांनी काही म्हणावं याची वाट बघू नकोस, ते म्हणून झालंय, मी तुला लिहिलंय. तुलाही काही म्हणता येणार नाही, मला माहीत आहे. नुसता बस. उजव्या बाजूला बस, तो हात अजून धरतो. डावा तुझ्यासारखाच आहे.

सूप शेगडीवर आहे. त्यांना चमच्याने दोन घोट चालतात. खोकले तर टेकवून बसव, घाबरू नकोस.

मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत येणार नाही.

टोपी आणली असशील. तीत तू कोणता कपटा टाकलायस ते मला सांगू नकोस, मी विचारणार नाही, बघणारही नाही. ती त्यांच्या मांडीवर ठेव. नर्स म्हणते, औषध इतकं आहे की त्यांनी झोपायला हवं. ते झोपत नाहीत. दाराकडे बघत पडलेत. त्यांचं मोजायचं राहिलंय.

लॉर्ना